भूगोल झाल्यावर

दहावीच्या वर्षी आमच्या घरात सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. भूगोल झाल्यावर. नवा मोबाईल? भूगोल झाल्यावर. केस कापायचेत? भूगोल झाल्यावर. मावशीकडे राहायला कधी जायचं, पंखा कुरकुरतोय तो कधी दुरुस्त करायचा, सगळं भूगोल झाल्यावर. बोर्डाच्या वेळापत्रकात आमचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. तो एकदाचा झाला की आयुष्य पुन्हा सुरू होणार, असं आई, पप्पा आणि मी, तिघंही धरून चाललो होतो.

आमची चाळ लालबागची. खोल्या एकमेकींना खेटून आणि पुढे एकच लांब गॅलरी, त्यामुळे एका घरातली दहावी ही अख्ख्या मजल्याची दहावी. टीव्ही हळू लावायचा, भांडण काढायचंच असेल तर खाली जाऊन काढायचं, आणि वाईट बातमी दहावीच्या पोराच्या कानावर जाऊ द्यायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कडक. टोकाच्या खोलीतले आजोबा बोर्डाच्या परीक्षेतच वारले, तेव्हा त्यांच्या नातीला आधीच मैत्रिणीकडे अभ्यासाला पाठवून दिलं होतं. शेवटचा पेपर देऊन ती उड्या मारत घरी आली आणि दारातून तिला हार घातलेला फोटो दिसला. मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी तिच्या आईचं कौतुक केलं. काय धीराची बाई, पोरीचं वर्ष वाचवलं. मी तेव्हा सातवीत होते. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

पप्पा माझगावच्या गोदीत फिटर होते. मालवणकडचे, मुंबईत सगळं आयुष्य काढलं तरी माझ्याशी आणि आईशी बोलताना जीभ गावचीच. स्वतः दहावीला भूगोलात काठावर पास झालेले. तरी संध्याकाळी हातपाय धुऊन आले की म्हणायचे, "काढ गो बाय तुझो नकाशो."

आमचा एक खेळ होता. नकाशाचं पुस्तक जमिनीवर उघडायचं, पप्पांनी डोळे मिटून बोट ठेवायचं आणि ते जिथे पडेल तिथलं मी सांगायचं. नदी, पीक, हवामान, जे येईल ते. त्यांचं बोट हमखास पाण्यात पडायचं. मग म्हणायचे, "पडलंय दर्यात. आता माका किनाऱ्याक लाव." मी जवळचं बंदर सांगितलं की ते सुटले. नाही आलं तर जमिनीवर आडवे होऊन बुडाल्याचं सोंग करायचे आणि आई स्वयंपाकाच्या ओट्याजवळून ओरडायची की पोरीची दहावी आहे, नाटकं पुरे. आम्हाला वर्षभर भारत आणि ब्राझील असे दोनच देश होते. ब्राझीलबद्दल पप्पांना फुटबॉलपलीकडे काही ठाऊक नव्हतं, पण डिसेंबरपर्यंत मनौस आणि साओ पावलो त्यांच्या तोंडी भायखळा-परळ इतकं सहज यायला लागलं. बाकी विषय मी मार्कांसाठी करत होते. भूगोल मला आवडत होता, आणि त्यातला बराचसा भाग पप्पा आवडण्याचा होता.

जानेवारीत ते जेवण टाळायला लागले. पोट बिघडलंय, ॲसिडिटी झालीय, असं काहीबाही सांगायचे. पँट कमरेला सैल झाली म्हणून पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, तेही माझ्यासमोर, हसत. फेब्रुवारीच्या शेवटी, माझी परीक्षा तोंडावर आली असताना, ते एकदम म्हणाले की गावाला जावं लागतंय. जमिनीची मोजणी आलीय, भाऊबंद सगळे जमणार, आपण नसलो तर हद्दीचा दगड आपल्या अंगणात येईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग आधीच माझ्या नाकावर. मी म्हटलं, "आत्ता? माझी दहावी आहे, पप्पा!"

"भूगोलाच्या आधी येतंय मी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता बॅगेत टॉवेल कोंबत होते.

मी त्यांना टाटासुद्धा केलं नाही. त्याची मला लाज वाटत नाही. मला काय माहीत होतं? मला कुणी काही सांगितलं असतं तर मी तशी वागले असते का?

ते गावाला गेलेच नव्हते. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ॲडमिट झाले होते, आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. पोटात गाठ होती, ती पसरली होती, आणि आईला हे जानेवारीपासून माहीत होतं. आई तेव्हाही परळच्या एका औषधांच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे. त्यामुळे ती केव्हा जाते, केव्हा येते, पिशवीत एक डबा जास्त का असतो, यात मला काही खटकलं नाही. मजल्यावरच्या चार बायकांना ठाऊक होतं. त्या मूग गिळून बसल्या. उलट माझ्यासाठी कुणी शिरा आणून द्यायची, कुणी देवाचा अंगारा. मला वाटायचं, दहावीचे लाड चाललेत.

परीक्षा सुरू झाली. माझं सेंटर परळलाच आलं होतं. पेपर सुटला की आम्ही मैत्रिणी हॉस्पिटलच्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या गाडीवर उसाचा रस प्यायचो आणि मी पप्पांची गाऱ्हाणी सांगायचे. बाकीच्यांचे बाप गेटवर उभे, माझा गावाला दगड मोजतोय. मैत्रिणी हसायच्या. वर कुठल्या तरी खिडकीआड ते होते.

फोन मात्र रोज यायचा. व्हिडिओ कॉल नाही, गावाला रेंज नाही म्हणून. "काय गो बाय, अभ्यास झालो मा?" मग पेपर कसा गेला, काय खाल्लं, आणि शेवटी एखादा भूगोलाचा प्रश्न. खेळ फोनवर चालू ठेवायचा त्यांचा प्रयत्न असायचा. बोट कुठे पडलं ते मीच त्यांना सांगायचं, आणि उत्तरही मीच द्यायचं. आवाज बारीक झाला होता. मी विचारलं तर म्हणाले, काजूच्या मोहोराने घसा धरलाय.

बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "आज लवकर जाग इली. सूर्य दर्यातून वर येताना बघलंय. लाल भडक, ताटाएवढो."

मी खदाखदा हसले. "पप्पा, आपला समुद्र पश्चिमेला आहे! तिकडे सूर्य मावळतो. उगवतो सह्याद्रीच्या बाजूने. परीक्षेत असं लिहिलं असतंत तर बाईंनी पेपर फाडला असता."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "खरा गो. चुकलंय मी. झोपेत होतंय."

त्यांची चूक पकडली म्हणून मी दिवसभर फुशारकी मारत होते. आईलाही सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. समुद्रातून सूर्य उगवताना दिसेल अशी जागा कोकणात आमच्या गावी नाही. ती मुंबईत आहे, शिवडीच्या बाजूला, बंदराकडे तोंड केलेल्या कुठल्याही उंच इमारतीत. हे मला येत होतं. दोन्ही किनारे, पूर्व आणि पश्चिम, नकाशात डोळे मिटून दाखवता येत होते. पण नकाशा एकीकडे आणि बाप एकीकडे, अशीच माझी समजूत होती.

इतिहासाचा पेपर देऊन घरी आले आणि बातमी आली की भूगोल पुढे ढकललाय. कोरोना नुकता सुरू झाला होता. मजल्यावरची बाकीची पोरं वैतागली. मला उलट बरं वाटलं, उजळणीला वेळ मिळाला. आई मात्र भिंतीला टेकून खालीच बसली. मी म्हटलं, एवढं काय झालं, पेपर पुढे गेलाय, रद्द नाही झालेला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पाण्याचा तांब्या आणला.

मग सगळंच बंद झालं. गाड्या बंद, दुकानं बंद, गल्लीच्या तोंडाला बांबू. पप्पा गावाला अडकले, ही गोष्ट आता कुणी रचायचीसुद्धा गरज राहिली नाही. अख्खा देश कुठे ना कुठे अडकला होता. औषधाचं दुकान चालू म्हणून आई रोज जात होती. हॉस्पिटलात आता पेशंटजवळ एकाच माणसाला सोडत. म्हणजे त्या दिवसांत सांगितलं असतं तरी मला आत जाता आलं नसतं. जाता आलं असतं ते आधी, पेपर चालू होते तेव्हा, रसाच्या गाडीवरून, दप्तर पाठीला तसंच ठेवून.

मी भूगोल करत राहिले. पुस्तकाची पानं सुटली इतकं वाचलं. नकाशाचे कोरे आराखडे संपले तेव्हा काचेवर कागद धरून नवे काढले. नकाशा भरून खाली सूची दिली नाही तर मार्क कापतात, म्हणून प्रत्येकाखाली चौकोन आखून सूची लिहिली. फोन लहान होत गेले. एकदा पप्पा फोनवर नुसतेच श्वास घेत राहिले आणि फोन कट झाला; घरी आल्यावर आई म्हणाली, रेंज गेली असेल. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस पहाटेच बाहेर पडलेली आई दुकानात जायच्या वेळेला परत आली. मागे शेजारच्या काकू दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी जमिनीवर बसून ब्राझीलचा नकाशा भरत होते. आईने तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पप्पा गेले."

मी म्हटलं, "कुठे?"

खरंच असं विचारलं मी. माझ्या डोक्यात गाव होतं, एसटी बंद होती, जाणार कुठे?

तिने मला उठवलं आणि चालवत नेलं. तोंडाला रुमाल, रस्त्यात एक माणूस नाही, नाक्यावर पोलिसाला तिने कागद दाखवला. गावाकडे जायचा रस्ता हा नव्हे, एवढंच मला कळत होतं. हॉस्पिटलचं फाटक आलं, रसाची गाडी ताडपत्री बांधून उभी होती, आणि माझ्या लक्षात आलं. तो सूर्य कुठून उगवला होता तेही तिथेच, फाटकात उभी असताना लक्षात आलं. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

शववाहिनीच्या दारात मला त्यांना बघू दिलं. पांढऱ्यात गुंडाळलेले, तोंड तेवढं उघडं. ते इतके लहान झाले होते की मला वाटलं दुसऱ्याच कुणाला आणलंय. हात लावू का म्हणून विचारलं तर तिथल्या माणसाने नको म्हणून मान हलवली. मग ती गाडी गेली. स्मशानात मोजकी माणसं नेली, मामा गेला, मी गेले नाही. मला कुणी विचारलंही नाही.

घरी आल्यावर मी आईला एकच विचारलं. का नाही सांगितलंस?

"त्यांनीच शपथ घातली होती," आई म्हणाली. "भूगोल होईपर्यंत पोरीला कळता कामा नये. होऊ दे म्हणाले, मग सांग."

पप्पांचे दिवस अजून चालू होते, तेरावंही झालं नव्हतं, आणि टीव्हीवर आलं की दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द. बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क देणार. गॅलरीत पोरांनी एकच जल्लोष केला, कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवला. मग एकदम कुणाला तरी आमच्या घराची आठवण झाली असावी, कारण आवाज मध्येच तुटला आणि दारं लागल्याचे आवाज आले. मी सगळे नकाशे गोळा करून फाडले. ज्या पेपरसाठी मला माझ्या बापापासून लांब ठेवलं होतं तो पेपर झालाच नाही. तो कुणीही दिला नाही. जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा त्या न दिलेल्या पेपरचे मला उत्तम मार्क होते आणि चाळीतल्या बायका पेढे मागायला आल्या नाहीत, एवढी अक्कल त्यांना होती.

मी कॉमर्स घेतलं. अकाउंट्समध्ये नकाशे नसतात. आता लोअर परळला एका ऑफिसात बसते, जीएसटीची कामं करते, आणि शहराबाहेर कुठे जायचं म्हटलं तर जिवावर येतं.

आणि इतकी वर्षं मी पप्पांवर रागावून होते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण भिंतीवरच्या फोटोशी माझं रोज भांडण चालायचं. शपथ घालणारे तुम्ही कोण? मला भेटावंसं नाही वाटलं तुम्हाला? एका पेपरपुढे मी काहीच नाही? मेलेल्या माणसावर रागावणं फार वाईट असतं, कारण तो समजूत काढत नाही. पितृपक्षात त्यांच्या तिथीला आई पान वाढायची तेव्हाही मी फटकून असायचे. आई म्हणायची, बोल गं दोन शब्द त्यांच्याशी. मी म्हणायचे, त्यांनीच नाही म्हटलं होतं ना माझ्याशी बोलायला, मग आता कशाला.

यंदा मामाची मुलगी दहावीला होती. ते चिंचपोकळीला राहतात. तिचे शेवटचे दोन पेपर राहिले होते आणि मामाला छातीत दुखायला लागून ॲडमिट केलं. ऑपरेशन ठरलं. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो तर सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे होते आणि कुजबुजत होते. ती आतल्या खोलीत मोठ्याने भूगोल पाठ करत होती. तिला सांगितलं होतं की पप्पा कंपनीच्या कामाला नाशिकला गेलेत.

मामी डोळे पुसत म्हणाली, "दोनच पेपर आहेत. भूगोल झाला की सांगू तिला."

सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात आई पुढे झाली.

"आत्ता सांगायचं," ती म्हणाली.

"अहो ताई, तिचं वर्ष जाईल."

"जाऊ दे वर्ष. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

कुणी काही बोलायच्या आत ती आतल्या खोलीत गेली. पाठांतर थांबलं. मग रडणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने ती पोर आईचा हात धरून चपला घालताना दिसली. आई तिला घेऊन हॉस्पिटलात गेली, मामाच्या खाटेशी बसवलं. मामाचं ऑपरेशन नीट झालं, तो आता बरा आहे. पोरीने पेपरही दिले. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हॉस्पिटलातून घरी परतल्यावर मामी आईशी एक शब्द बोलली नाही.

आम्ही चिंचपोकळीहून चालतच लालबागला निघालो. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. आईचा मला अभिमान वाटत होता. मी म्हटलं, "आज तू बोललीस ते बरं केलंस. पप्पांनी तुला शपथेत अडकवलं नसतं तर तू मलाही सांगितलं असतंस."

आई पुलावर थांबली. खालून गाडी गेली, ती जाऊ दिली. तिने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला.

"शपथ-बिपथ काही नव्हती," ती म्हणाली.

मी दोन पावलं पुढे गेले होते, ती मागे वळले.

"तुझे पप्पा रोज म्हणायचे, पोरीला घेऊन ये. गेटवरून तर जाते, वर आण तिला. सकाळी तेच, डबा घेऊन गेले की तेच. मीच म्हणायचे, भूगोल होऊ दे. फोनवर काही बोलून जातील म्हणून मी बाजूला बसून राहायचे. त्या सूर्याचं ते मुद्दाम बोलले होते. तुला कळेल म्हणाले, माझी पोर हुशार आहे. तू हसलीस, तेव्हा तोंड फिरवून रडले."

मी कठड्याला धरलं.

"मी त्यांना ओरडले. म्हटलं, पोरगी नापास झाली तर तुम्ही बघणार आहात का?" आईचा आवाज इथे फुटला. पुढचं तिने त्यांच्याच बोलीत सांगितलं, अगदी त्यांच्यासारखं. "तर माका म्हणाले, नापास झाली तर परत बसतली गो ती. मी काय परत येतलंय?"

ती पुलावर उभी राहून रडत होती आणि येणारे-जाणारे वळून बघत होते. तिला जवळ घ्यायला हवं होतं. नाही घेतलं मी. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीतलं काहीच जमलं नाही. खूप वेळाने मी म्हटलं, चल, आणि पुढे चालायला लागले. ती मागून येत होती.

पप्पांनी मला रोज बोलावलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. आता सांगितलंय, आणि मी जाऊ कुठे?